हप्त्याचा फोटो निघत नाही

(गगनबावडा इथं तरुणांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



आयोजकांनी मला विषय दिला होता ‘परदेशी माध्यमं आणि भारतातला सामान्य माणूस’. विषय मोठा आहे आणि मी पत्रकार नाही. पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, आठवडाभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधतो. म्हणून विषय मी माझ्या मापाचा करून घेतलाय. करोनानंतर ‘अर्थव्यवस्था सावरली’ असं जेव्हा सगळीकडे म्हटलं जात होतं, त्या काळात बाहेरच्या माध्यमांनी आपल्या माणसांची ओढाताण कशी दाखवली, तेवढ्यावरच बोलणार आहे. आणि त्यातलं बरंचसं एकाच माणसाबद्दल आहे. ते माझे मामू. नाव घेणार नाही, कारण पुढं कळेलच.

मामू ह्याच रस्त्यावर टेम्पो चालवतात. तुमच्यातले बरेच जण सकाळी कोल्हापूरहून त्याच रस्त्यानं आलात. जाताना गूळ, भाजीपाला, येताना मासळी, हंगामात आंबा. गगनबावड्यात रस्ता फुटतो, एक करूळ घाटानं वैभववाडीकडं उतरतो, दुसरा भुईबावड्याकडून. मामूंना दोन्ही घाट पाठ आहेत. आणि त्यांना एक सवय आहे, ते वही ठेवतात. शाळेच्या दोनशे पानी वहीत तारीख, खेप, डिझेल, भाडं, टायर, पोराची फी आणि शेवटच्या रकान्यात हप्ता. टेम्पो कर्जावर घेतलेला.

आता थोडं मागं जाऊ. २५ मार्च २०२० ला देश बंद झाला. दोन दिवसांनी, २७ मार्चला, रिझर्व्ह बँकेनं कर्जाचे हप्ते तीन महिने पुढं ढकलायची मुभा दिली. मे महिन्यात ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. म्हणजे एकूण सहा महिने. लोकांना वाटलं हप्ता माफ झाला. माफ काही नव्हतं, व्याज चालूच होतं.

त्या काळात बाहेरच्या माध्यमांनी भारताचं काय दाखवलं ते तुम्हाला आठवत असेल. चालणारी माणसं. डोक्यावर बोचकं, खांद्यावर लेकरू. आपल्या महाराष्ट्रातलं चित्र तर विसरणं शक्यच नाही. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडच्या पुढं रुळावर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याच्या स्टील कारखान्यात काम करणारी, मध्य प्रदेशात आपल्या गावी निघालेली माणसं. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचा फोटो जगभर गेला. तो जायलाच हवा होता. त्या फोटोबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तो नसता तर ती माणसं आकड्यात विरून गेली असती.

माझी तक्रार त्याच्या पुढच्या दीड वर्षाबद्दल आहे.

३१ ऑगस्ट २०२० ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवशी दोन गोष्टी झाल्या. सरकारनं एप्रिल ते जून ह्या तिमाहीचा आकडा जाहीर केला, अर्थव्यवस्था २३.९ टक्क्यांनी आकसली. ही बातमी जगभर झाली. आणि त्याच दिवशी हप्त्यांची सवलत संपली. ही बातमी आपल्या वर्तमानपत्रांत आली, बाहेर कुठंतरी आतल्या ओळीत. पण मामूंच्या वहीत पहिल्या बातमीचा मागमूस नाही. दुसरीचा आहे. १ सप्टेंबरच्या पानावर लाल पेनानं लिहिलंय, ‘हप्ता चालू’.

बरोबर एक वर्षानं, ३१ ऑगस्ट २०२१ ला, पुढचा आकडा आला. वाढ २०.१ टक्के. देशात जल्लोष, परदेशात कौतुक, ‘भारत उसळी मारतोय’ ह्या अर्थाचे मथळे. काही परदेशी पत्रकारांनी प्रामाणिकपणे लिहिलं की मागचा आकडा इतका खाली होता म्हणून हा इतका वर दिसतो. पण ते आत. मथळ्यात वीस टक्के.

जरा गणित करू. इथं निम्मे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आहेत असं कळलंय, त्यामुळं झोप येणार नाही. २०१९ च्या एप्रिल-जूनमध्ये देशाचं उत्पादन साधारण ३५.६६ लाख कोटी. २०२० मध्ये २६.९५. २०२१ मध्ये ३२.३८. म्हणजे वीस टक्के वाढूनसुद्धा आपण दोन वर्षांपूर्वीच्या जागेपेक्षा नऊ टक्के खाली. शंभर रुपयांचे शहात्तर झाले, आणि शहात्तरचे एक्क्याण्णव. हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही, पाचवीचं टक्केवारीचं प्रकरण पुरतं.

आता मामूंचं गणित. हिशोब सोपा व्हावा म्हणून गोल आकडे घेतो. कर्ज बाकी तीन लाख, व्याज महिन्याला एक टक्का, राहिलेले हप्ते ३६. हप्ता बसतो साधारण ९,९६४ रुपये. सहा महिने हप्ता भरला नाही, व्याज मुद्दलात मिसळत गेलं, तीन लाखांचे झाले ३,१८,४५६. आता हप्ता तोच ठेवला तर ३६ ऐवजी जवळपास ३९ हप्ते भरावे लागतात. म्हणजे सहा महिन्यांच्या ‘सवलती’ची किंमत सुमारे २७,००० रुपये, आणि कर्ज फिटायला नऊ महिने उशीर.

मग सुप्रीम कोर्टात ‘व्याजावरच्या व्याजा’चा मुद्दा गेला आणि ऑक्टोबर २०२० मध्ये सरकारनं दोन कोटींपर्यंतच्या कर्जांना दिलासा जाहीर केला. चक्रवाढ आणि सरळ व्याज ह्यांतला फरक सरकार भरणार. मोठी बातमी झाली. आपल्या उदाहरणात तो फरक किती येतो? सरळ व्याज १८,०००. चक्रवाढ १८,४५६. फरक ४५६ रुपये. मामूंच्या कर्जखात्यात आलेली रक्कम ह्याच्याच आसपासची होती. मामू म्हणाले, ‘एका टायरचं पंक्चर आणि चहा-पोहे निघाले.’

ह्यात डिझेलचं धरलेलंच नाही. मे २०२० मध्ये केंद्रानं डिझेलवरचा कर लिटरमागं १३ रुपयांनी वाढवला, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत डिझेलनं शंभरी ओलांडली. मध्ये जुलै २०२१ चा महापूर. पंचगंगा चढली, गगनबावड्याचा रस्ता पाण्याखाली, टेम्पो दारात. आणि त्याच सप्टेंबरात सेन्सेक्स ६०,००० च्या वर. इंग्रजी के अक्षरासारखी रिकव्हरी असं त्याला नाव पडलं. एक काडी वर जाते, एक खाली. नाव चांगलं आहे, पण नाव ठेवल्यानं खालच्या काडीवर कोण लटकलंय ते दिसत नाही.

ह्याच सप्टेंबर २०२१ मध्ये माझ्या ओळखीतून एका परदेशी माध्यमासाठी काम करणाऱ्या बाई आमच्याकडं आल्या. नाव सांगायची गरज नाही, नाव कुठलंही असतं तरी फारसा फरक पडला नसता. बाई आपल्याच देशातल्या, अदबीनं बोलणाऱ्या, मेहनती. विषय होता, वाढ परतली पण गरीब माणूस परतला का? प्रश्न अगदी योग्य. मी दुभाष्याचं काम केलं, मामूंना मीच तयार केलं.

मामूंनी दोन तास वही उलगडून दाखवली. कुठल्या महिन्यात किती खेपा, सोनं कधी गहाण टाकलं, मुमानीच्या पाटल्या कधी सुटल्या आणि पुन्हा कधी गेल्या. बाईंनी सगळं लिहून घेतलं. फोटोग्राफरनं मात्र वहीकडं एकदा बघितलं आणि बाहेर गेला. बाहेर टेम्पो उभा होता, पावसाचा निळा प्लास्टिक कागद टाकलेला, एक चाक काढून दुरुस्तीला दिलेलं. मामूंना त्याच्यासमोर उभं केलं. हसू नका म्हणाला.

लेख आला तेव्हा मामूंच्या वाट्याला दोन ओळी होत्या, आणि फोटो. हप्ता नाही, सहा महिने नाहीत, ४५६ रुपये नाहीत. सगळं गमावलेला एक टेम्पोचालक, एवढंच. बाईंनी फोन करून माफी मागितली. त्यांनी लिहिलं होतं, तिकडं संपादकानं कापलं. लंडनच्या वाचकाला मोरॅटोरियम समजावायला तीन परिच्छेद लागतात, आणि तेवढी जागा नसते. मला ते पटलंही. मीसुद्धा रोज साहेबांना अहवाल देताना हेच करतो.

पण पुढची चूक त्यांची नाही, माझी आहे. मी ती लिंक अभिमानानं सगळ्या ग्रुपवर टाकली. ‘बघा, आपली कहाणी जगात पोचली.’ त्या वेळी मामूंच्या मुलीची सोयरीक ठरत होती. मुलाकडच्यांपर्यंत फोटो गेला. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त दोन महिने त्यांच्याकडून निरोप येणं थांबलं. मामू माझ्यावर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘अरे बाबा, मी कर्जबाजारी आहे, ते खरं. पण मी बुडालेलो नाही. रोज गाडी काढतोय की.’ आणि मग त्यांनी जे केलं ते मला सुचलं नसतं. ते वही घेऊन मुलाकडच्यांच्या घरी गेले. सगळा हिशोब समोर ठेवला, किती देणं आहे, कधी फिटेल. मुलाचे वडील स्वतः दुकानदार, त्यांनी पानं उलटली आणि चहा मागवला. लग्न २०२२ मध्ये झालं.

त्यानंतर मी ह्या गोष्टीवर बराच विचार केला, माझ्या कामाच्या भाषेत. आमच्याकडं सर्व्हर बंद पडला की अलार्म वाजतो, सगळे धावतात. पुन्हा सुरू केला की डॅशबोर्ड हिरवा. पण ज्यांचं काम मध्येच तुटलं, ज्यांनी भरलेला फॉर्म उडून गेला, त्यांच्यासाठी कुठलाही अलार्म नसतो. डॅशबोर्ड हिरवाच राहतो. बाहेरच्या माध्यमांचं आपल्याबद्दल असंच होतं. कोसळलं की कॅमेरा. वर आलं की आलेख. ह्या दोघांच्या मधला काळ, ज्यात माणूस कर्ज फेडत, दागिना सोडवत, एक पोरगं शाळेत ठेवून दुसऱ्याला कामाला लावत पुन्हा उभा राहतो, तो दिसत नाही. कारण हप्त्याचा फोटो निघत नाही.

धारावी आठवा. एप्रिल २०२० मध्ये बाहेरच्या बातम्यांत ती फुटायला आलेला बॉम्ब होती. १० जुलैला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी इटली, स्पेन, दक्षिण कोरियाच्या रांगेत धारावीचं नाव घेतलं, आणि ती ‘मॉडेल’ झाली. दोन्ही वेळा खोटं काही नव्हतं. पण चामड्याच्या, शिलाईच्या, भंगाराच्या त्या हजारो लहान कारखान्यांत गावाहून परत आलेल्या कारागिरावर खोलीचं किती भाडं थकलं होतं, ते ना बॉम्बच्या बातमीत ना मॉडेलच्या.

आता जरा आपल्याबद्दल बोलतो, थोडं टोचेल. बाहेरच्या बातमीवर आपण इतका चटकन विश्वास का ठेवतो? कारण आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये तबलीगच्या नावानं आपल्याच वाहिन्यांनी काय केलं ते आपण भोगलंय. भाजीवाल्यांना नावं विचारली गेली. मामूंना एका गावाच्या वेशीवरून नाव ऐकून परत पाठवलं. (त्याच आठवड्यात शेजारच्या गावच्या शेतकऱ्यानं आपली कोबी त्यांच्याच टेम्पोत भरली, उधारीवर. हेही वहीत आहे.) २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि माध्यमांतल्या अपप्रचारावर स्पष्ट शब्दांत ताशेरे मारले. निकालाची बातमी आरोपाच्या बातमीच्या दहाव्या हिश्शानंही वाजली नाही. अशा वेळी बाहेरच्या एखाद्या पत्रानं आपली बाजू मांडली की बरं वाटतं. मलाही वाटतं.

पण ‘बाहेरचं आहे म्हणजे खरं’ आणि ‘बाहेरचं आहे म्हणजे कट’ ही दोन वाक्यं सख्खी भावंडं आहेत. दोन्हीत बातमी वाचायचे कष्ट वाचतात. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेच्या प्यू संस्थेनं अंदाज दिला की भारतातला मध्यमवर्ग सव्वातीन कोटींच्या आसपास घटला आणि गरीब साडेसात कोटींनी वाढले. एका बाजूनं तो झेंड्यासारखा मिरवला, दुसऱ्या बाजूनं देशाची बदनामी म्हणून झटकला. फार थोड्यांनी बघितलं की तो घरोघर जाऊन केलेला सर्व्हे नव्हता, वाढीच्या अंदाजांवरून मांडलेलं गणित होतं. ते वाईट गणित होतं असं नाही. पण गणित होतं. आणि बाहेरच्यांना गणित का मांडावं लागलं? कारण आपल्या सरकारनं २०१७-१८ चा घरखर्चाचा सर्व्हे नोव्हेंबर २०१९ मध्ये बाजूला टाकला होता. घरातला हिशोब घरानं लपवला की शेजारी अंदाज बांधणारच.

इथं एक गोष्ट न्यायानं सांगायला हवी. परदेशी माध्यम म्हणजे गोरा माणूस असं चित्र डोक्यात असेल तर काढून टाका. २०२० आणि २०२१ चे अनेक गाजलेले फोटो दानिश सिद्दीकींचे आहेत. जामियात शिकलेला आपलाच माणूस, रॉयटर्ससाठी काम करणारा. पोराला खांद्यावर घेऊन दिल्लीहून चालत निघालेल्या मजुराचा फोटो काढून ते थांबले नाहीत, पुढं त्या मजुराच्या गावापर्यंत गेले. जुलै २०२१ मध्ये अफगाणिस्तानात त्यांचा जीव गेला. म्हणजे फोटोच्या पुढं जाणारे लोक त्या व्यवस्थेतही असतात. फक्त व्यवस्था त्यांच्याकडून ते रोज मागत नाही.

मग आपण काय करायचं? माझ्याकडं नवीन काही नाही, दीडशे वर्षांपूर्वीचं आहे. १८७६-७७ च्या दुष्काळात हाडांचे सापळे झालेल्या माणसांचे फोटो मद्रासकडून विलायतेला गेले. त्याच वेळी पुण्याची सार्वजनिक सभा, गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे ज्या सभेत होते ती, दख्खनच्या दुष्काळी भागातून माहिती गोळा करत होती. कुठं पीक गेलं, धान्याचा भाव काय, दुष्काळी कामावर मजुरी किती, कोण गाव सोडून चाललं. सरकारनं मजुरी कापून तिच्यातला धान्याचा भाग माणशी दिवसाला एक पौंडावर आणला, तेव्हा सभेनं त्यावर लेखी भांडण मांडलं. फोटोवर हळहळता येतं. एका पौंडाचा जाब मात्र द्यावा लागतो. आपल्या समाजाबाबतीत २००६ च्या सच्चर अहवालानं तेच केलं. ‘लाड होतात’ ह्या गप्पांना नोकऱ्यांचे, शाळांचे, बँक कर्जाचे आकडे आडवे आले.

म्हणून मी आज पिशवीत तीस वह्या आणल्यात. तुमच्यातल्या प्रत्येकानं आपल्या मोहल्ल्यातली, गावातली पाच घरं घ्यायची. मुसलमानांचीच घ्यायची असं नाही, उलट पाचात दोन तरी दुसऱ्यांची घ्या, नाहीतर आपल्यालाही आपलंच दिसेल. २०२० च्या आधी देणं किती होतं, आज किती आहे, कुणाचं आहे, बँकेचं, बचत गटाचं, सावकाराचं की भावाचं, आणि व्याज काय लागतं. काय गहाण पडलं, काय सुटलं. कुणाची शाळा सुटली. बायकांना वेगळं विचारा, पाटल्यांचा हिशोब पुरुषांना माहीत नसतो, हे मी मुमानीकडून शिकलोय. नाव लिहायचं नाही, फोटो काढायचा नाही. आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवल्याशिवाय वही बंद करायची नाही. पुढच्या वेळी कुणी बाहेरून किंवा दिल्लीहून प्रश्न घेऊन आलं तर त्यांना चाक काढलेल्या टेम्पोकडं न नेता आधी ह्या वह्यांकडं नेता येईल. त्यांनी त्यातलं किती घ्यावं, त्यांची मर्जी. आपल्याकडं मात्र ते राहील.

मामूंचं कर्ज फिटलं का, हे मघाशी एका ताईंनी विचारलं. फिटलं. गणितानं नोव्हेंबर २०२३ यायला हवा होता, पण पुराचे दोन हप्ते मागं राहिले होते, म्हणून जानेवारी २०२४. त्या दिवशी वहीत लिहिलंय, ‘शेवटचा. पेढे २०० ग्रॅम.’ त्याच महिन्यात करूळ घाट रस्त्याच्या कामासाठी बंद झाला आणि वाहतूक भुईबावडा नि फोंडा घाटाकडं वळवली. पुढच्या पानापासून डिझेलचा रकाना मोठा होत गेलाय, आणि खाली इथल्या एका चहाच्या टपरीचं नाव लिहून पुढं लिहिलंय, ‘बंद’.

ती पानं मी सोबत आणलीत, मामूंना विचारून. वह्या घ्यायला याल तेव्हा बघा.